नौकानुभव लेखन

नौकेच्या मालकाने किंवा चालकाने स्वतःच्या जलप्रवासाविषयी, मुख्यतः नौकामालकांच्या नियतकालिकांसाठी केलेल्या लेखनास नौकानुभव लेखन म्हणता येईल. प्रवासवर्णनात स्थळ महत्त्वाचे असते. येथे वारा, पाणी, शीड, इंजिन आणि ऐनवेळी घेतलेला निर्णय. लेखाचा आधार नौकेवरील नोंदवही असतो. तीत वेळ, वाऱ्याची दिशा व बिघाड टिपलेले नसतील, तर आठवणी सोयीस्कर होत जातात. स्वतःची चूक झाकणारा लेख वाचनीय असला, तरी दुसऱ्या मालकाच्या उपयोगाचा नसतो.

जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' या स्वहस्ते पुन्हा बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची हकीकत आधी 'सेंच्युरी' मासिकात क्रमशः आणि १९०० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २००९-१० मध्ये अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे यांनीही पुस्तक लिहिले. मात्र ते इंग्रजीत आहे.

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नसला, तरी उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जणांचा मृत्यू झाला. बातमीत तारीख व आकडा राहतो. उन्हाळ्यातील वळिवाचा वारा उठण्याआधी पाणी कसे दिसते, कोणत्या आभाळाखाली नाव काठालाच बांधून ठेवावी, हे तेथील जुना नावाडीच सांगू शकतो. आणि त्याचे सांगणे बहुधा तोंडीच राहते.