बोगद्यातली गाणी जमवणारी माणसं

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये बागेभोवती एक आगगाडी फिरते. तिच्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर स्टेशनात गाडीची वाट बघत उभं राहिलं, की तारऑफिसातून कट्ट-कडकट्ट असा आवाज सारखा येत राहतो. बहुतेक लोक ती जुन्या काळची सजावट समजून सोडून देतात. पण अमेरिकी रेल्वेतली जुनी तारेची लिपी ज्याला येते, त्याला त्या टकटकीत शब्द ऐकू येतात. १७ जुलै १९५५ रोजी बाग सुरू झाली तेव्हा वॉल्ट डिस्नेनं जे भाषण केलं, त्याच्या सुरुवातीच्या ओळी तिथे पुन्हा पुन्हा पाठवल्या जातात!

अशा बागांमध्ये कुठलाही आवाज सहज म्हणून येत नाही. झुडपाआडचं संगीत, रांगेतल्या अंधारातली कुजबुज, पाळण्याचा दांडा बंद होण्याआधीची सूचना, सगळं कुणीतरी रचलेलं, ध्वनिमुद्रित केलेलं आणि मोजून-मापून त्या जागी लपवलेलं असतं. हे आवाज जमवणारी माणसं जगभर आहेत. राइडचा वेग, उंची, थरार या गोष्टी त्यांच्या लेखी नंतर. ती आधी कान लावतात. हा नाद मला कमालीचा आवडतो, कारण या लोकांना एक गोष्ट कळलेली आहे: या बागांमध्ये संगीत म्हणजे पार्श्वभूमी नव्हे, कित्येकदा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो.

डिस्नेलँडची ‘एन्चांटेड टिकी रूम’ २३ जून १९६३ रोजी सुरू झाली, तिचंच बघा. छताखाली दोनशेहून अधिक यांत्रिक पक्षी, फुलं आणि लाकडी मूर्ती गातात. टेपवर गाण्याच्या शेजारी आणखी काही सूर मुद्रित केलेले होते, प्रेक्षकांसाठी नव्हे, यंत्रासाठी. असा सूर आला, की पेटीत असते तशी धातूची एक बारीक पत्ती थरथरे, विजेचं मंडळ जुळे, दाबलेली हवा सुटे आणि पोपटाची चोच उघडे. म्हणजे पोपट गातोय म्हणून सूर निघत नव्हता, सूर निघाला म्हणून पोपट गात होता. टेप थांबली असती तर सगळी खोली जागच्या जागी मुकी झाली असती.

पुढचं कोडं होतं ते चालत्या श्रोत्याचं. १९६४च्या न्यू यॉर्क जागतिक मेळ्यात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही बोटीची राइड आली. देशोदेशींच्या बाहुल्यांनी आपापलं राष्ट्रगीत गायचं, अशी मूळ कल्पना होती. करून बघितलं तर नुसता कल्लोळ झाला. मग रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या भावांना एकच गाणं रचायला सांगितलं. त्यांनी जे केलं ते ऐकताना फार सोपं वाटतं, पण त्यातली युक्ती विलक्षण आहे. प्रत्येक दालनात भाषा वेगळी, वाद्यं वेगळी, पण पट्टी एक आणि लय एक. शिवाय मुखडा आणि अंतरा एकाच वेळी गायले तरी ते एकमेकांत बसतात. त्यामुळे बोट एका दालनातून दुसऱ्यात शिरताना मागचा आवाज पुढच्या आवाजात विरघळतो, कुठे खटकत नाही. आपण मैफलीत बसतो तेव्हा गाणं आपल्यासमोरून पुढे जातं. इथे गाणं जागेवर उभं आहे आणि ऐकणारा त्यातून वाहत चाललाय. बोट केव्हाही येणार, म्हणून गाण्याला आरंभ नाही, शेवटही नाही. २०२२ मध्ये या गाण्याच्या १९६४च्या ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिलं. मला ते अगदी रास्त वाटलं.

१९७२च्या जूनमध्ये सुरू झालेल्या ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’नं हेच उलट्या बाजूनं केलं. इथे प्रेक्षक फुटपाथवर बसलेले आणि दिव्यांनी मढवलेले रथ समोरून जाणारे. पायाला धून एकच, जाँ-जाक पेरी आणि गर्शन किंग्सली यांनी १९६७ मध्ये सिंथेसायझरवर वाजवलेली ‘बरोक होडाउन’. प्रत्येक रथाचं संगीत निराळं, पण ते त्याच लयीत रचून त्या धुनेवर बसवलेलं. रस्त्याचे भाग पाडले होते. रथ ज्या भागात शिरेल तिथला आवाज रेडिओच्या इशाऱ्यानं बदलायचा. म्हणून रस्त्याच्या या टोकाला बसलेल्या मुलाला आणि त्या टोकाला बसलेल्या आजीला तोच खेळ, तसाच ऐकू यायचा.

आणि मग ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’. १९६७ मध्ये सुरू झालेली ही राइड तयार होत असताना तिचे संवाद लिहिणारे एक्स. अटेन्सियो जरा धास्तावले होते. लिलावाच्या प्रसंगात एवढे चाचे एकदम बोलतात, की एकाचंही बोलणं धड कळत नाही. त्यांनी वॉल्ट डिस्नेकडे दिलगिरी व्यक्त केली. डिस्नेचं म्हणणं पडलं, की हे तर एखाद्या मेजवानीसारखं आहे. इकडचं थोडं कानावर पडतं, तिकडचं थोडं. लोक परत येतील तेव्हा त्यांना नवीन काही ऐकू येईल.

संग्राहकाचं काम नेमकं इथून सुरू होतं. बाग जे तुकड्या-तुकड्यांनी देते, ते त्याला सलग ऐकायचं असतं.

साधन म्हटलं तर साधं. दोन बारीक मायक्रोफोन कानांजवळ किंवा टोपीच्या कडेला लावायचे, रेकॉर्डर खिशात ठेवायचा आणि सगळी राइड न हलता, न बोलता, न हसता पार पाडायची. पूर्वी कॅसेट असायची, नंतर मिनीडिस्क आली, आता मुठीत मावणारी डिजिटल यंत्रं आहेत. तरी शेजारच्याची किंकाळी आणि चाकांचा खडखडाट येतोच. मग काहींनी एक सुंदर वाट शोधली. ऐकायला कमी येणाऱ्या पाहुण्यांसाठी काही खेळांमध्ये तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय लहरी सोडून आवाज थेट श्रवणयंत्राकडे पोचवतात. त्या लहरी पकडणारी छोटी कॉइल रेकॉर्डरला जोडली, की किंकाळ्या गायब होतात आणि निवेदकाचा स्वच्छ आवाज हाती लागतो. असे शुद्ध तुकडे आणि कानाजवळचं ध्वनिमुद्रण सांधून काही जण पूर्ण राइड पुन्हा उभी करतात. संगीताचे हक्क अर्थात कंपनीचे असतात, त्याचं भान ठेवावंच लागतं.

खरं गुप्तहेराचं काम असतं ते रस्त्यावरच्या संगीताचं. जॅक वॅग्नर हा डिस्नेलँडचा उद्घोषक. बसून राहा, अशी त्याची इंग्रजी-स्पॅनिश सूचना अनेक अमेरिकनांना पाठ आहे. बागेच्या वेगवेगळ्या भागांत वाजणाऱ्या संगीताच्या माळाही त्यानं गुंफल्या. त्यासाठी त्यानं बाजारातल्या तबकड्या वापरल्या, तसंच फक्त निर्मात्यांना भाड्यानं मिळणारं तयार संगीतही. त्या माळेतली धून कुठल्या तबकडीची हे बाकावर बसलेल्याला कोण सांगणार? संग्राहक गर्दीच्या गोंगाटातून ती ऐकतात, जुन्या बाजारात तबकड्या धुंडाळतात आणि एकेक मणी ओळखत क्रम लावतात. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या शोधत चोरबाजार पालथा घालणाऱ्यांना ही जिद्द समजावून सांगावी लागणार नाही.

डिस्ने कंपनीलाही या वेडाची किंमत कळली. १९५६ पासून तिची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होतीच, ‘हाँटेड मॅन्शन’ या राइडची गोष्ट १९६९ मध्ये तबकडीवर आली आणि २००५ मध्ये डिस्नेलँडच्या पन्नाशीनिमित्त सहा सीडींचा संच निघाला. पण अधिकृत संचात सगळं कधीच येत नाही. ‘अ‍ॅडव्हेंचर थ्रू इनर स्पेस’ ही राइड १९६७ ते १९८५ चालली. पाहुणे लहान-लहान होत थेट अणूत शिरतात, अशी तिची कल्पना. पॉल फ्रीसच्या आवाजात एक शास्त्रज्ञ तो प्रवास सांगत असे. राइड मोडली आणि त्या जागी ‘स्टार टूर्स’ आली. दृश्यं बहुतांशी अंधारातली, चित्रीकरण करणं अवघड. अशा राइडचा चेहरामोहरा आज कळतो तो मुख्यतः आवाजावरून. डोळे मिटून ऐकलं, की आपण कुठल्या वळणावर आहोत हेसुद्धा सांगता येतं.

आपल्या मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं. त्याच्या जाहिरातीतलं गाणं एका पिढीला तोंडपाठ आहे, कारण ते टीव्हीवरून घरोघरी पोचलं. पण आतले आवाज, म्हणजे राइडपाशी वाजणारी गाणी, भोंगे, सूचना, फेरीबोटीच्या इंजिनाची धडधड, यांतलं काही उरलं असेल तर ते कुणाच्या तरी सहलीच्या व्हिडिओ कॅसेटमध्येच असणार. कपाटात अशी कॅसेट असेल तर ती लवकर डिजिटल करून घ्या. चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते, बुरशी धरते. आणि करून घेताना दुकानदाराला बजावून सांगा, चित्र अंधुक आलं तरी चालेल, आवाज कापू नका.