गाडी ऑइल खाते, पण किती?

‘गाडी ऑइल खातेय’ असे गॅरेजमध्ये सांगितले की बहुतेक मालकांना दोनच वाटा दिसतात: हजारो रुपये घालून इंजिनकाम काढायचे, नाहीतर मिळेल त्या किमतीला गाडी विकून मोकळे व्हायचे. काही जण तिसरी वाट धरतात आणि काहीच करत नाहीत. या तिन्ही निर्णयांत एक उणीव सारखीच आहे. गाडी नेमके किती ऑइल खाते, हे कोणी मोजलेलेच नसते. ताप आला म्हटल्यावर आपण आधी थर्मामीटर लावतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र धूर दिसला की थेट निकालावर येतो. ऑइल खाणारे इंजिन बहुतेक वेळा संपलेले नसते. दर १००० किलोमीटरमागे ते किती मिलिलिटर ऑइल जाळते हा आकडा हातात असेल, तर अशा गाडीबरोबर पुष्कळ काळ सुरक्षितपणे काढता येतो आणि थांबायचे कधी हेही कळते. तो आकडा नसेल, तर दुरुस्ती, विक्री आणि दुर्लक्ष हे तिन्ही अंदाजाचे खेळ ठरतात.

थोडे ऑइल प्रत्येक इंजिन जाळते. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा अतिशय पातळ थर असावाच लागतो. तो नसेल तर धातूवर धातू घासेल. पिस्टनवर साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः ज्वलनाचा दाब धरून ठेवतात आणि खालची रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून परत खाली चेंबरमध्ये पाठवते. या खालच्या रिंगेच्या फटी आणि पिस्टनमधली ऑइल परतीची भोके कार्बनने बुजली, की ऑइल वर राहते आणि पेट्रोलबरोबर जळते. इंजिन फार गरम होणे, ऑइल वेळेवर न बदलणे, चुकीचे ऑइल वापरणे ही बुजण्यामागची नेहमीची कारणे. नव्या इंजिनांत आणखी एक भर पडली आहे. घर्षण कमी होऊन मायलेज वाढावे म्हणून रिंगांचा ताण कमी ठेवला जातो, त्यामुळे थोडा कार्बन साचला तरी त्या अडकतात. ऑइल जाण्याचे दुसरे दार म्हणजे व्हॉल्व्हवरची रबरी सीले, जी वर्षानुवर्षे उष्णता सोसून कडक होतात. तिसरे दार म्हणजे क्रँककेसमधले वायू पुन्हा इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, आणि टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोची सीले.

ऑइल जळणे आणि ऑइल कमी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. पातळी योग्य राखली तर ऑइल जळत असतानाही बेअरिंग, क्रँक आणि कॅमशाफ्ट यांना पुरेसे वंगण मिळत राहते. इंजिनाचा घात होतो तो पातळी खाली गेल्यावर. मग वळणावर किंवा चढावर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. शिवाय उरलेल्या थोड्या ऑइलवर सगळी उष्णता येते, ते लवकर खराब होते, रिंगांवर आणखी कार्बन बसतो आणि ऑइल जाण्याचा वेग वाढतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा वेळेवर सांगेल, या भरवशावर अनेक जण असतात. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी दाखवत नाही. तो धावत्या गाडीत लागला, तर दाब आधीच कोसळलेला असतो, आणि इंजिन त्याच क्षणी बंद करणे एवढेच हातात उरते.

मोजण्याची रीत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि पातळी पाहावी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. त्यानंतर दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना याच पद्धतीने पातळी पाहावी आणि मापाच्या भांड्याने किती ऑइल घातले ते नोंदवावे. अनेक गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. नेमके किती ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. वरच्या खुणेपलीकडे भरू नये. जादा ऑइल क्रँकच्या फटक्याने फेसाळते, त्याचा काही भाग इनटेककडे ओढला जातो, आणि आपण मोजायला निघालेला आकडाच बिघडतो. दोन-तीन हजार किलोमीटरच्या नोंदी झाल्या की खरे चित्र दिसते. खप स्थिर आहे की वाढतो आहे, हे त्यातून मिळणारे सर्वांत मोलाचे ज्ञान. हजार किलोमीटरला ३०० मिलिलिटरवर वर्षभर टिकून राहिलेले इंजिन, सहा महिन्यांत १०० वरून ३०० वर गेलेल्या इंजिनापेक्षा कितीतरी भरवशाचे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की कंपन्याच हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर खप मान्य करतात, मग एवढी काळजी कशाला? हा आकडा दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा ते ठरवणारी वॉरंटीची मर्यादा आहे. इंजिन निरोगी असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे. साधा हिशेब करून पाहा. छोट्या गाडीत साधारण तीन ते चार लिटर ऑइल बसते आणि आपल्याकडे अनेक गाड्यांची सर्व्हिस १०,००० किलोमीटरला येते. हजारला एक लिटर जात असेल, तर ‘मान्य’ खप असलेले इंजिन पुढच्या सर्व्हिसच्या कितीतरी आधी कोरडे पडेल. अमेरिकेत टोयोटा कॅमरीच्या २.४ लिटर इंजिनाबाबत ऑइल खाण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या, तेव्हा कंपनीने वाढीव वॉरंटी दिली. पण पिस्टन आणि रिंगा बदलण्याआधी खपाची चाचणी घेतली जाई: १२०० मैलांत, म्हणजे सुमारे १९०० किलोमीटरांत, एक क्वार्टपेक्षा, म्हणजे जवळपास ९५० मिलिलिटरपेक्षा जास्त ऑइल गेले तरच काम मंजूर. ती मर्यादा ग्राहकाला न्याय देणारी होती का, यावर वाद होऊ शकतो. पण इंजिन खोलण्याआधी मोजायचे, ही शिस्त मात्र घेण्यासारखी आहे.

मापासोबत कारणाचा शोध हवा, कारण सगळ्या दारांची दुरुस्ती सारख्या खर्चाची नसते. आधी ऑइल खरोखर जळते आहे की गळते आहे ते पाहावे; गाडीखालचे डाग आणि हेड कव्हरच्या कडेचा ओलेपणा पुष्कळ सांगतात. निळसर धूर ऑइलचा, काळा जादा इंधनाचा. पांढरा धूर बराच वेळ टिकला तर कूलंट जळत असण्याची शक्यता असते. निळा धूर कधी येतो, तेही पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना धुराचा लोट आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलांवर जातो. बोरघाटासारख्या लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी उतरवली, की इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि सैल सीलांमधून ऑइल आत ओढले जाते. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच ते धुराच्या रूपाने बाहेर पडते. जोर लावताना सतत धूर येत असेल, तर रिंगांकडे बोट जाते. कॉम्प्रेशन चाचणीत दाब कमी आला आणि सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालताच तो वाढला, तर हा संशय बळावतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत स्वस्तात बदलतो. व्हॉल्व्ह सीले अनेक इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात. म्हणून तपासणीआधीच ‘इंजिन खोलावे लागेल’ असे सांगणाऱ्याला कॉम्प्रेशनचे आकडे विचारण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे.

आता पैशाचे पाहू. वर्षाला ८००० किलोमीटर चालणारी गाडी हजारला ५०० मिलिलिटर ऑइल खात असेल, तर वर्षाचे चार लिटर होतात. लिटरला ५०० रुपये धरले तर खर्च २००० रुपये. हीच गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर १०० रुपयांच्या भावाने वर्षाचे पेट्रोल ५३,००० रुपयांच्या पुढे जाते. इंजिनकामाला ५०,००० रुपये लागणार असतील, तर ती रक्कम नुसत्या ऑइलच्या बचतीतून भरून निघायला २५ वर्षे लागतील. दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीत हा व्यवहार बसत नाही. ज्या घरात ही गाडी रोजगाराचे साधन आहे, किंवा आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याची एकमेव सोय आहे, त्या घराला घाबरवून इंजिन खोलायला लावणे हा अन्याय आहे.

मात्र सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा नाही, हवेचा आहे, आणि तो मान्यच करावा लागतो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलच्या दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल मिसळत. लिटरला ४० किलोमीटर देणारी स्कूटर १००० किलोमीटरांत २५ लिटर पेट्रोलबरोबर अर्धा लिटर ऑइल जाळी. म्हणजे आपल्या हिशेबातली मोटार त्या धूर ओकणाऱ्या स्कूटरइतकेच ऑइल जाळते आहे. शिवाय झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये असलेले फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याचे काम हळूहळू मंदावते. याच चिंतेतून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडच्या पेट्रोल इंजिन ऑइलसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के ठेवली आहे. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, तेही गाडी उभी असताना. घाट उतरल्यावर येणारा निळा लोट तिथे सापडेलच असे नाही. म्हणून पीयूसीचा कागद हा आपल्या विवेकाला पर्याय होऊ शकत नाही. मागच्या दुचाकीस्वाराला धूर दिसत असेल, तर आकडा कितीही लहान असो, दुरुस्तीची वेळ आलेली आहे.

झटपट उपायांचा मोहही टाळावा. जाड ऑइलने खप थोडा कमी होऊ शकतो, पण पातळ ऑइलसाठी बनवलेल्या नव्या इंजिनांत, विशेषतः ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणाऱ्या इंजिनांत, ते नवे दुखणे आणू शकते. पुस्तिकेत मान्य असलेल्या ग्रेडपैकी जाड ग्रेड निवडणे, इथपर्यंत ठीक. बाटलीतली औषधे झिजलेली भिंत किंवा तुटलेली रिंग भरून काढत नाहीत. ‘सारखे नवे घालतोच आहोत, मग बदलायचे कशाला’ हा समजही चुकीचा आहे. टॉप-अपने पातळी भरते, पण जुना फिल्टर आणि चेंबरमधला मळ तसाच राहतो. ऑइल खाणाऱ्या इंजिनाचे ऑइल वेळेआधी बदलले, तर रिंगा आणखी बुजण्याची शक्यता कमी होते.

टर्बो डिझेलला मात्र टॉप-अप करत चालवण्याची ही सवलत देऊ नये. तिथे जळालेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते आणि ती जाळून साफ होत नाही. टर्बोचे सील पूर्ण गेले, तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम पळू लागू शकते आणि मग चावी बंद करूनही थांबत नाही.

तेव्हा निर्णय मापावर ठरवावा. खप स्थिर, धूर दिसत नाही आणि कॉम्प्रेशन ठीक, तर डिक्कीत एक लिटरचा डबा ठेवून, पातळी राखत गाडी निर्धास्त चालवावी. खप महिन्यागणिक वाढतो आहे, तर कारण शोधून आधी स्वस्त दुरुस्ती करावी. त्यानंतरही धूर दिसतो आहे किंवा दोन सर्व्हिसमधली पातळी राखणे जमत नाही, तर इंजिनकाम काढावे. तो खर्च गाडीच्या किमतीला झेपत नसेल, तर तिला अधिकृत भंगार केंद्रात द्यावे. आणि विकायचीच झाली, तर खपाची वही खरेदीदाराच्या हाती ठेवावी, कारण आपल्याला जो आकडा हवा होता, तो जाणण्याचा हक्क त्यालाही आहे.