आकाशांतून पीकपाहणी

नागपुरांत दक्षिण अंबाझरी मार्गावरील अभियांत्रिकी संस्थेच्या आवारांत महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. त्याची स्थापना १९८८ सालची. त्याच वर्षीं १७ मार्च रोजीं भारताचा पहिला कार्यकारी (प्रायोगिक नव्हे असा) सुदूर-संवेदन उपग्रह आकाशांत गेला. तलाठ्याची पीकपाहणी बांधावरून होत असे. या केंद्रांतील ती शेंकडो किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या चित्रांवरून.

इतक्या उंचीवरून पानाची प्रकृति कशी कळते? पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडे किरण अन्न तयार करण्यासाठीं शोषून घेतें. तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मात्र पानाच्या आंतील रचनेमुळें मोठ्या प्रमाणांत परत फिरतात. पान आजारलें, कीं तांबडा प्रकाश अधिक परततो व अवरक्त कमी. या दोहोंच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेनें भागिलें, म्हणजे एक आंकडा निघतो. दाट, जोमदार पिकावर तो एकाकडे चढतो. उघड्या जमिनीवर शून्याकडे उतरतो. वैद्यानें नाडी पाहावी, तसाच हा प्रकार. १९७० सालीं पिशरोथ राम पिशारोटी यांनीं केरळांत हेलिकॉप्टरांतून अवरक्त फिल्मवर चित्रें घेऊन रोगट माड हुडकले, तेव्हां या विद्येचा भारतांत श्रीगणेशा झाला.

पावसाळ्यांत ढग आड येतात, आणि पिकाकडे लक्ष हवें तें नेमकें तेव्हांच. रडारचे किरण ढगांतून आरपार जातात खरे. पण ते पिकाची ठेवण व ओल सांगतात, पानाचा हिरवेपणा नव्हे.

नाडी कळली म्हणून रोग कळतोच असें नाहीं. कपाशीवर लाल्या पडला, तर पानें बिघडल्याचें वरून दिसेल. तें अन्नद्रव्याच्या उणिवेनें कीं थंडीनें, हें शेतांत गेल्यावांचून ठरणार नाहीं. गुलाबी बोंडअळीची गोष्ट तर याहून बिकट. २०१७ सालीं तिनें विदर्भांतील कपाशीची दैना केली. ही अळी बोंडाच्या आंत राहून सरकी खाते. बाहेर पानें हिरवींगार असतात. उपग्रहाच्या लेखीं झाड धडधाकट, आणि वेचणीस गेलेल्या कास्तकाराच्या हातीं किडकी कवडी! तिचा माग कामगंध सापळे लावून व हिरवीं बोंडें फोडूनच काढावा लागतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत २०२३ पासून भात व गहू यांच्या उत्पन्नाच्या अंदाजांत अशा तंत्रानें काढलेल्या आंकड्यास निदान ३० टक्के वजन देण्याचें ठरलें. भात-गव्हाचें नुकसान बहुधा वरून दिसतें. कपाशीचें पुष्कळदां बोंडांत दडलेलें असतें.