कंट्रोलर तुमच्या खिशातच आहे, बॉस!

शनिवारची रात्र. टू बीएचके फ्लॅट, सहा दोस्त, पिझ्झाचे तीन बॉक्स आणि गेमचे कंट्रोलर... फक्त दोन! मग काय, दोघं जण खेळतात, आरडाओरडा करतात आणि बाकीचे चौघं आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून दर पाच मिनिटांनी विचारतात, ‘‘माझी टर्न कधी?’’ ओळखीचं वाटतंय ना?

आता जरा हिशोब करू. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा कन्सोलची किंमत होती ४९,९९० रुपये आणि एका जादा कंट्रोलरची ५,९९०. म्हणजे चौघांना एकत्र खेळायचं तर नुसत्या तीन जादा कंट्रोलर्ससाठी जवळपास अठरा हजार! कित्येकांचं घरभाडं एवढं असतं. आणि गंमत बघा, त्याच खोलीत सहा स्मार्टफोन लोळत असतात. प्रत्येकात टचस्क्रीन, माइक, कॅमेरा, वाय-फाय आणि फोन कुठे झुकला हे ओळखणारे सेन्सर. गेम खेळायला आणखी लागतं तरी काय?

हाच प्रश्न गेम बनवणाऱ्या कंपन्यांनाही पडला होता.

दोन नंबरचं दुःख

निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम आणला. आपल्याकडे शाळेच्या सुट्टीत ज्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळून अंगठे सुजवले, त्या स्वस्तातल्या ‘व्हिडिओ गेम’चा हा मूळपुरुष. त्याचे दोन्ही कंट्रोलर मशीनलाच वायरने जोडलेले असत आणि दुसऱ्यावर स्टार्टचं बटणच नव्हतं! घरातल्या धाकट्याच्या नशिबी कायम तोच. कंट्रोलर ज्याच्या हातात तो राजा, हा नियम तेव्हापासूनचा.

२००६ मध्ये निन्टेन्डोच्याच वी कन्सोलने टीव्हीच्या रिमोटसारखा कंट्रोलर दिला. तो हलवला की खेळ सुरू. बटणांना घाबरणारी मंडळी पहिल्यांदा सोफ्यावरून उठली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्मार्टग्लास अ‍ॅपमधून फोनला एक्सबॉक्सशी जोडलं. २०१४ मध्ये जॅकबॉक्स पार्टी पॅक आला आणि त्याने तर अ‍ॅपची भानगडही ठेवली नाही. टीव्हीवर चार अक्षरांचा कोड दिसतो, तो फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की तुम्ही खेळात! झुरिचच्या एअरकन्सोलने हाच फंडा पुढे नेला आणि २०२३ मध्ये तो थेट बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजमध्ये शिरला. गाडी उभी असताना प्रवाशांनी आपापल्या फोनवरून डॅशबोर्डच्या स्क्रीनवर खेळायचं. सोनीने २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी ‘प्लेलिंक’ नावाने खास फोनवरून खेळायचे गेम्स काढले आणि २०२५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सनेही फोनला कंट्रोलर करणारे पार्टी गेम्स टीव्हीवर आणले.

आपल्याकडे? इथे कन्सोल मोजक्या घरांत, फोन मात्र सगळ्यांकडे. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबरची सेवा सुरू झाली. पुढे त्याच्या सेट-टॉप बॉक्सवरच्या गेम्ससाठी फोनचा गेमपॅड करणारं जिओगेम्स कंट्रोलर अ‍ॅप आलं. वेगळा कन्सोल नको, वेगळा कंट्रोलर नको. जो बॉक्स सीरियल दाखवतो, तोच गेम खेळवतो.

काचेवर बटण सापडत नाही

पण थांबा, लगेच खऱ्या कंट्रोलरला भंगारात काढू नका. फोनचा एक मोठा लोचा आहे. खऱ्या कंट्रोलरवर अंगठ्याला बटण जाणवतं, त्यामुळे नजर टीव्हीवरून हलत नाही. फोन म्हणजे गुळगुळीत काच. अंगठा हळूहळू सरकतो आणि उडी मारायच्या ऐन वेळी बटण भलतीकडेच! खाली बघावं तर तोवर गेम ओव्हर.

दुसरा लोचा उशिराचा. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. तुमचा टच फोनमधून राउटरकडे, कधी दूरच्या सर्व्हरकडे आणि तिथून टीव्हीकडे जातो. वाटेत वाय-फाय अडखळलं की बॉल विकेटकीपरच्या हातात गेल्यावर बॅट फिरते. रेसिंग, फायटिंग, शूटिंग हवं असेल तर पैसे खर्च करा, खरा कंट्रोलर घ्या.

फोन खरा चमकतो तो वेगळ्याच खेळात. मेंढीकोट आठवा. पानं आपल्या हातात, डाव सगळ्यांसमोर. आपली पानं दुसऱ्याला दिसली तर खेळच संपला! टीव्हीवर सगळ्यांना सगळंच दिसतं, त्यामुळे दोन कंट्रोलर घेऊन असा खेळ जमत नाही. फोनमुळे प्रत्येकाला एक खासगी स्क्रीन मिळते. उत्तर लपवा, थाप मारा, चित्र काढा, मत द्या आणि निकाल टीव्हीवर बघा. इथे फास्ट अंगठा नाही, तिरकस डोकं लागतं.

समुद्रपुरातली मॅच

याचा लाइव्ह डेमो मला मुंबई-पुण्यात नाही, समुद्रपूरला मिळाला. वर्धा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. नागपूरहून हैदराबाद हायवेने जामपर्यंत यायचं आणि आत वळायचं. नावात समुद्र, आजूबाजूला कापूस आणि सोयाबीन. दिवाळीत मामांकडे गेले होते. मामेभावाने टीव्हीवर चित्र ओळखायचा गेम लावला आणि मामींच्या हातात फोन दिला.

‘‘मले नको देऊ बाप्पा, मले नाही जमत हे,’’ मामी दोन पावलं मागे.

‘‘अवो आई, व्हाट्सअ‍ॅप येते ना तुले? मंग हेबी येते!’’

मामींना चित्र काढायचं होतं गायीचं. शब्द इंग्रजीत आला, तो नातीने कानात सांगितला. मामींनी मन लावून जे काढलं, त्याला शिंगांवर गोंडे होते आणि पाठीवर झूल. सगळे एका सुरात ओरडले, ‘‘पोळा!’’ पॉइंट गेला, पण हसून हसून मामांच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या राउंडला मामी स्वतःच म्हणाल्या, ‘‘माहा फोन आन, याच्यावर बोट नाही चालत.’’

याच मामी त्या घरात वर्षानुवर्षं फराळाची ताटं आणून देत आणि दारातूनच टीव्हीकडे बघत. गेमपॅड त्यांनी कधी हातात धरला नव्हता. चौदा-पंधरा बटणांची ती वस्तू बघितली की ‘हे आपलं काम नाही’ असं घरातल्या अर्ध्या माणसांना वाटतं आणि त्यात बहुतेक वेळा आईच असते. तिचा स्वतःचा फोन मात्र तिला पाठ असतो.

खटकलं ते एवढंच, की शब्द कानात सांगायला नात लागली. जॅकबॉक्ससारख्या नावाजलेल्या पॅक्समध्येही मराठी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’सारखा देखणा गेम जगभर पोचवला. म्हणजे टॅलेंट इथे आहेच. म्हणी, नाटकं, सासूबाईंचे टोमणे एवढं भांडवल असलेल्या भाषेत एखादा झक्कास पार्टी गेम व्हायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट. जुना वायरचा कंट्रोलर माळ्यावरून काढला, धूळ झटकली की चालतो. अ‍ॅपचा कंट्रोलर कंपनीच्या मर्जीवर जगतो. प्लेलिंकची लाट दोन-तीन वर्षांतच ओसरली, स्मार्टग्लासचं तर नावही गेलं. तेव्हा फक्त फोनवर चालणाऱ्या गेमसाठी मोठी रक्कम मोजण्याआधी विचार करा. फुकट किंवा स्वस्तात मिळतोय? मग बिनधास्त!

या वीकएण्डला ट्राय करताय?

फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर ठेवा. बऱ्याच अ‍ॅप्सची तीच पहिली अट असते.

राउटर त्याच खोलीत असेल तर उत्तम. दोन भिंतींपलीकडून खेळाल तर हराल.

सुरुवात क्विझ किंवा चित्रांच्या गेमने करा, रेसिंगने नको.

घरात जो ‘मला नाही जमत’ म्हणतो, त्याला त्याचाच फोन द्या, तुमचा नाही.

आणि हो, नोटिफिकेशन्स बंद करायला विसरू नका. ऐन शेवटच्या राउंडला ऑफिसातून ‘ती एक्सेल शीट पाठव ना’ असा मेसेज आला, तर ती मॅच कुठलाच कंट्रोलर वाचवू शकत नाही!