आजार कुणाचा, सांगायचं कुणाला?

आपल्याकडे डॉक्टरांच्या खोलीत पेशंट सहसा एकटा जात नाही. बरोबर बायको असते, मुलगा असतो, जमल्यास जावईही. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर बायको देते, "रात्रभर खोकतात. पण सांगितलेलं ऐकतील तर ना!" ज्याला खोकला झालाय तो गृहस्थ मुख्याध्यापकांसमोर उभ्या केलेल्या मुलासारखा गप्प. तपासणी होते, डॉक्टर रिपोर्ट चाळतात आणि म्हणतात, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा." काका बाहेर जातात. काकांच्या शरीरात काय चाललंय, ते काका सोडून सगळ्यांना कळतं.

यात दुष्टावा कुणाचाच नसतो. "त्यांना सांगू नका डॉक्टर, धसका घेतील," हे मायेपोटीच म्हटलं जातं. रोगाने माणूस जाईल तेव्हा जाईल, धसक्याने आधी जाईल, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

ती रुजली फॅमिली डॉक्टरांच्या काळात. आठवतोय ना तो दवाखाना? लाकडी बाक, अर्ध्या दाराआडचा कंपाउंडर, लाल औषधाची बाटली आणि तिच्यावर डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी. डॉक्टरांच्या पदवीपेक्षा त्यांच्या हाताला गुण आहे की नाही, याची चौकशी अधिक. निघताना "पथ्य काय?" हा प्रश्न हटकून यायचा, "काही नाही, सगळं खा" म्हणणाऱ्या डॉक्टरवर कुणाचा विश्वास बसत नसे. हा माणूस घरातलाच वडीलधारा होता. मुलीच्या स्थळाबद्दलही त्याचं मत घेतलं जाई. कुणाला काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे वडीलधाऱ्याने ठरवायचं, आणि त्याने पोटात ठेवलेलं पुढे त्यालाच निस्तरायचं असे. शेवटच्या रात्री उशाशी तोच बसलेला असायचा.

आजचा तज्ज्ञ सकाळी राउंडला येतो, चार मिनिटं थांबतो आणि जातो. त्याला काकांचं नावसुद्धा फाईलवरून वाचावं लागतं. तरी त्याच्याकडून अपेक्षा मात्र तीच, जुन्या डॉक्टरांची. तो गुपित मुलाच्या हाती देऊन मोकळा होतो. मग ते सांभाळत तो मुलगा महिनोन्‌महिने बापासमोर हसत बसतो. मायेचा हा प्रकार मला तरी फार महाग वाटतो.

बँकेच्या नोकरीत याचं दुसरं टोक पाहायला मिळालं. आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठा घेतात. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. त्यामुळे खातेदाराच्या खाटेपाशी जावंच लागे. एका दुकानदाराच्या मुलाने मला जिन्यातच गाठून बजावलं, "साहेब, बाबांना काही माहीत नाही. सहज भेटायला आलो म्हणा." आत गेलो. म्हातारबुवांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या शाईच्या पॅडकडे पाहिलं आणि मुलाला चहा सांगायला पिटाळलं. तो गेल्यावर हळूच म्हणाले, "बँक घरी आली म्हणजे मला काय ते कळलं. नॉमिनेशनचा फॉर्म आणलाय का? हिचं नाव घालायचं राहिलंय. पोरांसमोर विषय काढला की रडतात हो."

नॉमिनेशनची सोय १९८५ पासून होती. त्यांना ती माहीतही होती. पण सगळं घर "तुम्ही बरे होणार" म्हणत असताना त्यांनी तो फॉर्म मागायचा कुणाकडे?

कायद्याने या गोष्टीकडे उशिरा पाहिलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्ण ग्राहक झाला म्हणून तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला. प्रत्यक्षात आपल्याकडे ग्राहक झालं ते घर. कारण बिल मुलगा भरतो. दिल्लीतल्या एका खटल्याचा २००८ चा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो. ४४ वर्षांची अविवाहित बाई केवळ दुर्बिणीच्या तपासणीसाठी भुलीखाली होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आहे, काही तासांत शुद्धीवर येणार आहे, जिवावर बेतलेलं नाही. मग आईची संमती चालणार नाही. आईची! आपल्या घरांमध्ये हे वाक्य पचायला जडच.

कुणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची खुळं. पण १९६१ साली अमेरिकेत केलेल्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कॅन्सर रुग्णापासून लपवण्याकडेच होता. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत रीत उलटली. दरम्यान उपचार सुधारले होते, हेही खरं. हातात काही देण्यासारखं असलं की सांगायला जीभ रेटते. आपल्या वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम मात्र मोठे मुत्सद्दी आहेत. आजाराचं गांभीर्य वाढवू नका, कमीही करू नका, असं बजावून ते पुढे म्हणतात की रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना त्याची कल्पना असावी. त्या 'किंवा'मध्ये सगळा महाराष्ट्र मावतो.

सगळ्यांना सगळं तोंडावर फेकून सांगा, असं मी म्हणत नाही. "मला नका सांगू, थोरल्याला सांगा," असं म्हणणारी माणसं आहेत, आणि तसं म्हणण्याचा हक्कही त्यांचाच. पण ते त्यांनी म्हणायला हवं. त्यासाठी डॉक्टरांनी तपासण्या हाती येण्याआधीच, काका खोलीत असताना विचारायला हवं, "रिपोर्ट आल्यावर कुणाशी बोलू?" एवढं विचारणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. काही काका क्षणभर बायकोकडे बघतात आणि म्हणतात, "माझ्याशीच बोला. ही पण बसेल."

हल्ली रिपोर्ट मोबाइलवर येतात. परवा लॅबच्या खिडकीतल्या मुलीने माझ्या पुढच्या आजोबांना नंबर विचारला. आजोबा खिशातला फोन काढेपर्यंत मागून मुलाने आपला नंबर सांगूनही टाकला होता.