वालुकामय मृदेतून कीटकनाशकांचे भूजलापर्यंत निक्षालन : गणिती प्रतिमानांचे स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

अमेरिकेतील लाँग आयलंड या बेटाच्या पूर्वभागात सफोक परगणा आहे. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांवर तेथे पिढ्यान्‌पिढ्या बटाट्याची शेती होत आली, आणि त्याच थरांत साठलेले भूजल हा तेथील रहिवाशांच्या पिण्याच्या पाण्याचा आधार आहे. कोलोरॅडो बटाटा भुंगा ही कीड इतर औषधांना दाद देईनाशी झाल्यावर १९७५ पासून तेथे अल्डिकार्ब हे दाणेदार कीटकनाशक लागवडीच्या वेळी मृदेत मिसळले जाऊ लागले. ते मुळांवाटे शोषले जाईल व उरलेले मृदेतच नष्ट होईल, अशी अपेक्षा होती. १९७९ मध्ये ते विहिरींच्या पाण्यात आढळले. त्यानंतर तपासलेल्या ८,४०४ विहिरींपैकी १,१२१ विहिरींत त्याचे प्रमाण राज्याने सुचविलेल्या लिटरला ७ मायक्रोग्रॅम या मर्यादेहून अधिक भरले. १९८० मध्ये तेथील विक्री थांबली. (अल्डिकार्बच्या निर्मितीस लागणारे मिथिल आयसोसायनेट हे रसायन आपणांस १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेमुळे परिचित आहे, उत्पादक कंपनीही युनियन कार्बाइडच होती.) मूळ अपेक्षा कोठे चुकली, हे साध्या गणिताने तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निक्षालनाचे गणित

पाण्यात विरघळून मृदेतून खाली वाहून जाणे म्हणजे निक्षालन. त्याचे प्रतिमान मुख्यतः तीन क्रियांवर उभे असते : पाण्याबरोबरचे वहन, मृदाकणांवरील अधिशोषण आणि रासायनिक व जैविक अपघटन. वाहताना द्रव्य पुढे-मागे पसरते, त्या अपस्करणाचे पद समीकरणात वेगळे येते. प्राथमिक अंदाजापुरते ते बाजूस ठेवता येईल.

कीटकनाशकाचे रेणू सेंद्रिय कर्बास चिकटतात. ही प्रवृत्ती सेंद्रिय कर्बाच्या वितरण गुणांकाने मोजली जाते. अल्डिकार्बसाठी त्याचे मूल्य किलोग्रॅमला सुमारे ३० लिटर, तर डीडीटीसाठी ते काही लाखांच्या घरात आहे. मृदेत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्का धरल्यास अल्डिकार्बचा त्या मृदेतील वितरण गुणांक ०.१५ येतो. द्रव्य पाण्याच्या तुलनेत किती पट संथ सरकते, हे मंदन गुणक सांगतो :

मंदन गुणक = १ + (स्थूल घनता × वितरण गुणांक ÷ मृदेतील पाण्याचे घनफळी प्रमाण)

वालुकामय मृदेची स्थूल घनता १.५ आणि पाण्याचे प्रमाण ०.१५ घेतल्यास हा गुणक २.५ येतो. डीडीटीसाठी, वितरण गुणांक एक लाख मानला तरी, तो पाच हजारांवर जातो. म्हणूनच डीडीटी वरच्या थरातच अडकून राहते.

आता वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पाणी मुळांखाली झिरपते असे समजू. लाँग आयलंडच्या परिस्थितीशी हे ढोबळमानाने जुळते. पाणी वर्षाला ३.३ मीटर, तर अल्डिकार्ब १.३ मीटर उतरेल, आणि पहिला एक मीटर ओलांडण्यास त्यास नऊ महिने, म्हणजे सुमारे २७० दिवस लागतील. अर्धायुकाल ३० दिवसांचा असेल तर तेवढ्या अवधीत नऊ अर्धायुकाल उलटतात व मूळ द्रव्याचा ५१२ वा भाग उरतो. हेक्टरी एक किलोग्रॅम मात्रा वर्षभरात झिरपणाऱ्या ५,००० घनमीटर पाण्यात मिसळली, तर लिटरला २०० मायक्रोग्रॅम तीव्रता येईल; तिचा ५१२ वा भाग म्हणजे ०.४ मायक्रोग्रॅम. ७ च्या मर्यादेपुढे हे नगण्य वाटते, आणि येथेच समाधान मानण्याचा मोह होतो.

परंतु अर्धायुकाल ६० दिवसांचा धरला, की हीच तीव्रता ८.८ मायक्रोग्रॅमवर जाते, आणि ९० दिवसांचा धरला तर २५ वर. एका अंकात दुपटी-तिपटीचा फरक, उत्तरात वीस ते साठ पटींहून अधिक ! वहन आणि अधिशोषण यांतील चूक वेळेच्या अंदाजात येते, अपघटनातील चूक मात्र घातांकात बसते. प्रतिमानाचे समीकरण कितीही सूक्ष्म असले तरी हा एक अंक सैल असेल तर उत्तर विश्वसनीय ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सफोकमध्ये हा अंक सैल होण्यास सबळ कारणे होती. लागवड वसंताच्या प्रारंभी, मृदा थंड असताना होते, आणि थंडीत अपघटन मंदावते. बटाट्यावरील खवड्या रोग आवरण्यासाठी शेतकरी मृदा मुद्दाम आम्ल राखतात. अल्डिकार्बचे जलीय अपघटन मात्र अल्कधर्मी माध्यमात त्वरेने होते. शिवाय त्याच्या ऑक्सिडीकरणातून बनणारे सल्फॉक्साइड व सल्फोन हेही विषारी असून पाण्याबरोबर सहज वाहतात. केवळ मूळ रेणूचा अर्धायुकाल घेऊन केलेले गणित त्यामुळे अपुरे पडते. मुळांच्या पट्ट्याखाली तर कर्ब व सूक्ष्मजीव दोन्ही विरळ. तेथे पोहोचलेले द्रव्य दीर्घकाळ टिकते.

संगणकीय प्रतिमाने

पुढील काळात मृदेचे थर, दैनंदिन पाऊस, बाष्पीभवन व तापमान यांचा हिशेब ठेवणारी प्रतिमाने विकसित झाली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे पीआरझेडएम हे १९८४ मधील. त्यात प्रत्येक थर भरून वाहणाऱ्या भांड्यासारखा मानला जातो, आणि झटकन निचरा होणाऱ्या वाळूला ही कल्पना बरीच मानवते. नेदरलँड्समधील पर्ल हे प्रतिमान पाण्याच्या हालचालीसाठी रिचर्ड्‌सचे १९३१ चे समीकरण सोडविते. युरोपीय संघासाठी २००० साली ठरविलेल्या पद्धतीत नऊ प्रातिनिधिक ठिकाणांची मृदा व हवामान घेऊन, एक मीटर खोलीवरील तीव्रता लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमखाली राहते काय, हे पाहिले जाते.

विदर्भ-मराठवाड्यातील भेगाळणाऱ्या काळ्या मृदेस हे गणित जसेच्या तसे लावू नये. तेथे पाणी भेगांतून थेट खाली जाते व त्यासाठी मॅक्रोसारखी निराळी प्रतिमाने लागतात. कोकण किनाऱ्यावरील पुळणवट जमिनीची गोष्ट वेगळी. अल्डिकार्बवर भारतात २००१ मध्ये बंदी आली. पण तत्सम गुणधर्मांच्या कोणत्याही द्रव्याचा विचार करता येईल. वरील उदाहरणातील द्रव्य एक मीटर खाली ढकलण्यास एकूण ३७५ मिलिमीटर झिरपा पुरतो. लाँग आयलंडवर त्यास नऊ महिने लागतात. कोकणात जुलैच्या एका महिन्यातही तेवढे पाणी झिरपू शकते, आणि मग ३० दिवसांच्या अर्धायुकालासही निम्मे द्रव्य मुळांखाली उतरलेले असेल. उष्ण मृदेत अपघटन जलद होते आणि पाणी अधिक असल्याने द्रव्य विरल होते, हे खरे. पण वार्षिक सरासरी घेऊन केलेला हिशेब येथे निश्चितच फसवा ठरेल. तेथील उथळ विहिरींच्या परिसरात निरनिराळ्या खोलींवरचा सेंद्रिय कर्ब, मृदेचे तापमान आणि पावसाळ्यातील दैनंदिन झिरपा ही तीन मापने महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील आहेत, आणि वरील गणित साध्या स्प्रेडशीटवर मांडता येते.