अस्सल, नक्कल आणि खेळ

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ सालच्या व्हिडिओ गेमची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरांना विकली गेली. आणि या व्यवहारातील मौज अशी की, ज्या वेष्टनामुळे त्या प्रतीला हे मोल प्राप्त झाले ते फाडल्याखेरीज आतील खेळ खेळता येत नाही, व फाडले की ते मोल उरत नाही, सबब नव्या मालकाच्या पदरी खेळ वगळून बाकी सर्व काही पडले. अशा गृहस्थाला धनिक म्हणावे, फार तर गुंतवणूकदार म्हणावे. संग्राहक म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

खेळण्यासाठीच जुनी यंत्रे जमवणारी जी निराळी मंडळी आहे, तिच्यात अग्रपूजेचा मान बहुधा ‘फॅमिकॉम’ला मिळतो. क्योटो येथे १८८९ पासून फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करणाऱ्या निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी हे यंत्र जपानच्या बाजारात आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. त्याची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट, आणि १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आरंभापासून अंतापर्यंत ४० किलोबाइटांत बसवलेला. हल्ली मोबाइलने टिपलेले एखादे सामान्य छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा अडवते. या दारिद्र्यामुळे रचनाकारांना जी काटकसर करावी लागली तिच्यातच त्यांची कला आहे: मारिओच्या आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही वस्तुतः एकच आकृती असून, एका ठिकाणी तिला पांढरा रंग दिला आहे व दुसऱ्या ठिकाणी हिरवा.

आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत नव्वदच्या दशकात जो ‘टीव्ही गेम’ आला, तो मात्र बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल होता. त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असा भरघोस आकडा छापलेला असे, आणि यादी चाळता चाळता मोजकेच खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा हजेरी लावत असल्याचे ध्यानात येई. मारिओ, कॉन्ट्रा आणि बदकांची शिकार एवढ्यावर सुट्ट्या निघत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याचा शिरस्ता होता; पण गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा, फुंकरीतील ओलाव्याने उलट तिची धातूची टोके गंजत. जाणकार आज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस फिरवतात.

जगातील संग्राहक या नकलांकडे बहुधा नाक मुरडतात आणि आपल्याकडे त्या रद्दीबरोबर निघून गेल्या. मला हे अनुचित वाटते. जुन्या दप्तरांच्या शोधार्थ गावोगाव हिंडलेल्या इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या महाराष्ट्रात हे निराळे सांगावयास नको की, मूळ पत्र ज्या गावी पोचलेच नाही त्या गावापुरती तत्कालीन नक्कल हाच दस्तऐवज होय. पुण्यातील वा नाशिकातील एखाद्या संग्राहकाने जपानहून अस्सल फॅमिकॉम अवश्य मागवावा, परंतु येथील मुलांच्या हाती प्रत्यक्ष जे होते ते जतन करण्याचे काम त्याच्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.

यंत्र मिळाले तरी सामग्री पुरी होत नाही. ‘डक हंट’मधील बंदुकीचा चाप ओढताच क्षणार्धापुरता पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि नळीतील प्रकाशसंवेदक तो उजेड दिसला की नाही एवढेच पाहतो, म्हणजे बंदुकीतून काही सुटत नसून, उजेडच बंदुकीत शिरत असतो. हा सारा हिशेब जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बांधलेला आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र उमटण्यास जो किंचित विलंब लागतो तेवढ्यात ती वेळ टळते, व कितीही अचूक नेम धरला तरी बदक निर्वेधपणे उडून जाते.

म्हणून या नादास लागणाऱ्याने यंत्राच्याही आधी तसा एखादा चालू टीव्ही हस्तगत करावा, असे माझे मत आहे. कारण कॅसेटी शोधाअंती मिळतात, परंतु हे अवजड टीव्ही घरोघरून भंगारात गेले आहेत आणि त्यांची दुरुस्ती जाणणारे कारागीरही विरळ होत चालले आहेत. तो बिघडल्यास अशा कारागिराकडेच न्यावा. मागील झाकण स्वतः उघडू नये, कारण वीज तोडल्यानंतरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टांचा भार काही काळ शिल्लक राहू शकतो.